सत्काराआधी

कौशल्याबाईंनी निरांजन पेटवलं, ताट डिंपलच्या चेहऱ्यासमोर नेलं आणि ओवाळायचं सोडून तसंच टेबलावर ठेवून दिलं.

"मी नाही ओवाळत, गुरुजी."

शाळेच्या ऑफिसात तिघंच होते. बाहेर मांडव भरला होता आणि बाबुलाल माईकवर 'हॅलो, हॅलो' करत होता. यादोराव सर हातातलं भाषण विसरून बघत राहिले. सिहोऱ्यातलं कोणी परदेशी शिकायला निघालं की गावाने सत्कार करायचा, हा पायंडा त्यांनीच पाडलेला. शाल, श्रीफळ, चौकात बॅनर, आणि औक्षण कौशल्याबाईंच्या हातून, कारण त्यांची तृप्ती गावातून पहिली गेली. कॉलेज कसलं, कोर्स कसला, असल्या भानगडीत सर कधी पडले नाहीत. देशाचं नाव ऐकलं की त्यांची छाती फुगायची, तेवढ्यावर भागायचं.

"ताटात काही राहिलं काय?" सरांनी विचारलं.

"ताटात सारं आहे." कौशल्याबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "मायी तृप्ती आयर्लंडात नाही, गुरुजी. नागपूरले आहे. दहा महिने झाले."

सरांना आधी हसूच आलं. परवाच तृप्तीच्या वडिलांनी, जागेश्वरने, तिकडे किती बर्फ पडला ते पानठेल्यावर सगळ्यांना ऐकवलं होतं.

"जागेश्वर तं परवाच सांगत होता..."

"त्याईलेही ठाऊक नाही. पोरगी तिकडची वेळ पाहून फोन करते. मांगं पांढरी भिंत ठेवते. बर्फ किती पडला ते मोबाईलात पाहून सांगते."

सर मटकन खुर्चीत बसले. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय होतं, हे मुलांना वाक्यात उपयोग करायला सांगणाऱ्या माणसाला बासष्टाव्या वर्षी कळलं.

"पन झालं काय?"

"शेतीचं शिकलेली पोरगी. तिथं हॉटेलाचा कोर्स केला. एजंट म्हने, कोनताही करा, नोकरी भेटतेच. नाही भेटली. व्हिसा सरला, वापस आली. आता मेडिकलच्या दुकानात काउंटरवर उभी राहाते. गावात कशी येईन? चौकात तिचा एवढा मोठा फोटो लावला होता तुमी."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमालेच तं सांगाची लाज वाटे." त्यांचा आवाज आता चढला. "चार जनाईले ओवाळलं म्या तवापासून. दर वेळी वाटे, बोलावं. आज हे पोरगी समोर उभी राहिली, आता नाही होत माया हातानं."

डिंपलच्या डोक्यावरचा फेटा कलला होता, तो तिने सावरलाही नाही. ती नर्सिंग शिकलेली.

"काकू, माया पन आयर्लंडात हॉटेलचाच कोर्स आहे," ती म्हणाली. "सोमवारी फी भराची आहे. बाबानं धानाची बांधी गहाण टाकली."

कौशल्याबाईंनी तृप्तीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून डिंपलच्या हातात दिला. पलीकडून तृप्ती 'हा माय' म्हणाली. डिंपलने अडखळत सगळं सांगितलं. आपलं गुपित फुटलं हे तृप्तीला कळलं असावं. पण तिने एकच विचारलं.

"सत्कार झाला काय?"

"नाही अजून. बाहेर लोकं बसून आहेत."

"मंग तुले अजून नाही म्हनता येते." आता ती भराभर बोलू लागली. "एजंटाले तिथं शिकलेल्या पोरींचे नंबर माग. दहातल्या किती जनी नोकरीवर आहेत, ते त्याईलेच इचार. अन् नर्सिंगवर तिथं काम कराचं असन तं कोनती परीक्षा द्या लागते, ते सोता लिहून इचार. उत्तर आल्याबिगर पैसे भरू नोको. जाऊ नोको असं मी म्हनत नाही. पाहून जाय."

डिंपलने टेबलावरची निमंत्रणपत्रिका उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागली. बाहेर बाबुलालने तिचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. ती उठली नाही. सरांनी भाषणाचा कागद चौघडी करून खिशात घातला. त्या कागदावर 'तृप्तीचा आदर्श' हे शब्द तीनदा होते आणि सरांना स्वतःची शरम वाटत होती. त्यांना खोकला आला.

तो खोकला तृप्तीच्या ओळखीचा होता.

"सर आहेत काय तिथं?"

"आहे, बेटा," सर कसेबसे म्हणाले.

"सर, आता तं तुमाले कळलंच." तृप्तीचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मंग मी घरी येऊ काय?"