लागोपाठ दोन पाळ्या

आमचं दुकान आमचंच, म्हणजे दीडशे घरांचं. मालक कोणी नाही, नोकर कोणी नाही, आणि मत घरटी एकच. दर घराने महिन्यातून एकदा तीन तास राबायचं: पोती उतरवा, बटाटे निवडा, डाळ तोलून पिशव्या भरा. लागोपाठ दोन पाळ्या चुकल्या की नाव कमी. हा नियम माझा. हात सगळ्यांनी वर केले, पण डोकं माझं. यादीही मीच ठेवते. पाठीमागे मला फौजदार म्हणतात. म्हणोत बापडे.

नवरा गेला आणि माझ्या दोन पाळ्या चुकल्या. घरात नुसती बसून होते. चहा करायचा, तो गार व्हायचा, मोरीत ओतायचा.

महिन्याच्या बैठकीला मात्र गेले. यादी काढली, स्वतःचं नाव खोडायला पेन उघडलं. हे दुकान सुटलं तर दिवसभरात माझ्याशी दोन शब्द बोलणारं कोणी उरणार नव्हतं. ठाऊक होतं, पण वाटत काहीच नव्हतं.

"अगं बाई, काहीतरीच काय!" शिंपीणबाई ओरडल्या. "घरातलं माणूस गेलंय तुमचं!"

"सुताराची आई गेली तेव्हा त्याचं खोडलंच ना मी? तेव्हा कोणी ब्र काढला नाही. आत्ताच बरा पान्हा फुटला!"

मी नाव खोडलं.

सुतार मागे बटाटे निवडत होता. उठला, हात पँटला पुसले, खणातून नव्या सभासदाचा फॉर्म काढला आणि सही ठोकली.

"दोन सह्या लागतात. ही एक."

दुसरी शिंपीणबाईंनी केली. मी फॉर्म हातात धरून उभी. फॉर्म माझ्याकडे कधी येत नाहीत, यादी तेवढी माझी.

"तुला रे कोणी दिल्या होत्या सह्या?" मी सुताराला विचारलं.

तो जरा घुटमळला. "एक यांनी. आणि दुसरी भाऊंनी."

"कोण भाऊ?"

"तुमचे यजमान. माझं नाव खोडलंत त्याच महिन्यात फॉर्म घेऊन दारात आले होते. म्हणाले, घरी बोलू नकोस, ती भडकेल."

भडकलेच असते. आठवडाभर अबोला धरला असता.

"लबाड कुठला!" मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. सगळ्यांदेखत, हमसून हमसून, थांबेचना.