सीतेच्या वेणीसाठी उजेड

मुळाच्या टोकाचा हिरवा भाग उन्हाळ्यात नखाएवढा होता. आता तो मोहरीएवढा उरला होता. बाकीचं मूळ पांढरं, कोरडं. अंजलीने भिंग खाली ठेवलं. टोक हिरवं असेपर्यंतच ऑर्किडचं मूळ वाढतं.

हे सीतेची वेणी नावाचं ऑर्किड सुरगाण्याचं. अंजली तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची. वादळात आंब्याची फांदी पडली, तेव्हा शाळेत स्वयंपाक करणाऱ्या भागीबाईंनी फांदीसकट हे झाड तिच्या हातात दिलं होतं. नाशिकच्या फ्लॅटच्या गॅलरीत ते दर वर्षी फुलायचं. मग समोर उंच इमारत उभी राहिली आणि गॅलरीतलं ऊन गेलं.

झाड हॉलमध्ये आणून दिवा लावायचा, हे तेव्हाच ठरलं. कोणता, हेही अंजलीने वाचून, मोजून ठरवलं होतं: साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब, पानांपासून हातभर उंच, दिवसभर चालू, रात्री पूर्ण अंधार. पण नवरा म्हणाला, विकत कशाला, मी करतो की.

शेखर सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. गेल्या वर्षी त्याचा विभाग बंद झाला आणि नोकरी गेली. तेव्हापासून तो मित्राच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायचा. बनवता येण्यासारखी वस्तू विकत आणणं त्याला कमीपणाचं वाटे. पहिला दिवा हॅलोजनचा. जवळ असला की उजेड जास्त मिळेल, म्हणून त्याने तो जवळजवळ पानाला टेकवला, पान भाजलं. दुसरा जांभळ्या पट्ट्यांचा. त्या उजेडात पान हिरवं की काळं तेच कळेना, आणि सोफ्यावरून सासूबाई म्हणाल्या, "अंजली, आता गिऱ्हाइकांना चखणा पण ठेव बाई." तिसरा त्याने हॉलच्या ट्यूबच्या बटणालाच जोडला, मॅच संपेपर्यंत झाडाला रात्र नाही.

दर वेळी अंजली समजावून सांगायची. तो मान डोलवायचा आणि पुढचा दिवा कसा करणार ते सांगायला लागायचा. तेवढा वेळ त्याचा चेहरा नोकरीवर असतानासारखा दिसे. म्हणून ती गप्प बसायची, आणि मग ओट्यावर भांडी आपटायची.

आज दुपारी तो मित्राकडून, कारखान्याच्या शेडमध्ये टांगतात तसला भलामोठा दिवा खांद्यावर घेऊनच आला.

"बघ, दोनशे वॅट. सूर्यच आणलाय."

"गरम किती होतो, पाहिलंत?"

"ते बघू गं. आधी टांगू तर दे."

तो ड्रिल घेऊन स्टुलावर चढलासुद्धा. अंजलीने झाड फांदीसकट उचललं आणि छातीशी धरलं. शेखरचा हात वरच थांबला. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"अहो, खाली उतरा," अंजली म्हणाली. "हा दिवा परत देऊन या. ट्यूब मी आज दुकानातून आणणार आहे, आणि माझ्या मापाने मीच लावणार आहे. यापुढे या झाडासाठी तुम्ही दिवा करायचा नाही."