बारा गाड्यांचा सूर

यात्रेच्या दिवशी सकाळी नवलच्या बारा गाड्या अंगणातच अडल्या. धान्य पाखडणाऱ्या वच्छलाकाकूंच्या हातातलं सूप थांबलं.

गाड्या वीतभर लांबीच्या, ज्वारीच्या धाटांच्या. प्रत्येकीत सरकीची पुरचुंडी, आणि सगळ्यांच्या पुढे रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटारगाडी. खंडेरावाच्या यात्रेत आमच्या गावचा भगत माणसांनी भरलेल्या बारा बैलगाड्या एकमेकींना बांधून ओढतो. आमचे आजोबा, चिंधा आबा, पूर्वी तेच भगत होते. काचबिंदूनं डोळे गेल्यापासून ते यात्रेलाच जाईनासे झाले. "दिसत नई, तं जाईसन काय करू?" एवढंच म्हणत. आज तरी त्यांनी यावं म्हणून माझ्या चुलतभावानं, नवलनं, हा खटाटोप मांडला होता. त्या मोटारगाडीत ब्रशलेस जातीची विजेची मोटर बसवायचा सल्ला माझा. मी धुळ्याला भौतिकशास्त्र शिकले, त्यामुळे घरात असले सल्ले माझेच असतात.

बॅटरी जोडताच मोटर तीन सुरांत वाजली होती. ओट्यावरच्या आबांनी मान वळवली. "भोंगा कोठे शे तिना?"

"भोंगा नाही आबा, मोटरच गाते. तिला वीज पुरवणारी एक छोटी पाटी असते, स्पीड कंट्रोलर. ती सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करते, तशी मोटर थरथरते. ते थरथरणं आपल्याला ऐकू येतं."

नवलनं रिमोट दाबला तेव्हा मात्र मोटर किंचाळली, थडथडली आणि जागची हललीसुद्धा नाही.

"यात्राना दिन, अन् गाड्या अडकन्यात," काकू हळूच म्हणाल्या. "हाई चांगलं नई शे."

"ताई, तुनी मोटर तं रडस," नवल म्हणाला. आबांचा चेहरा उतरला होता, तो त्यालाही दिसला असावा.

मी जमिनीशी कान नेला. आवाज दोन होते. एक बारीक, उंच, अजिबात न बदलणारा: कंट्रोलरच्या चालू-बंदचा. त्याच्या खाली दुसरा, खरखरीत, तुटत जाणारा. तो मोटरच्या फिरण्याचा, खरं तर न फिरण्याचा.

"कंट्रोलरला दिसत नाही, आबा. आतलं चुंबक फिरायला लागलं की तारांत उलटी वीज उमटते. तिच्यावरून त्याला चुंबकाची जागा कळते. चुंबक थांबलेलं असेल, तर तो नुसता अंदाजानं ढकलतो. इथे पहिल्याच क्षणाला बाराही गाड्यांचं ओझं आलं, आणि सगळे अंदाज चुकले."

"म्हंजे तो बी आंधळाच शे," आबा म्हणाले. नवलनं माझ्याकडे पाहिलं. मग तेच खुदकन हसले.

नवलनं यात्रेत बांधतात तशाच गाड्या ताठ बांधल्या होत्या, मध्ये बोटभरही सैल नाही. मी म्हटलं, प्रत्येक दोरी थोडी ढिली सोडू, म्हणजे मोटर आधी फिरेल आणि गाड्या एकेक करून लागतील.

"यात्रामा कोठे ढिल्ल्या बांधतस?" नवल अडून बसला. काकूंनीही मान हलवली.

"देवन्या गाड्या ताठ बांधतस," आबा म्हणाले. "पोऱ्हेस्न्या कशा बी बांधा."

आम्ही गाड्या एकमेकींना चिकटवून उभ्या केल्या, मधली सुतळी लोंबती ठेवली. नवलनं रिमोटचा खटका एकसारखा दाबून धरला.

मोटर सुटली. स्वच्छ, चढा सूर. पहिली सुतळी ताणली गेली आणि सूर जरासा उतरला. दुसरी ताणली, आणखी उतरला. वरचा बारीक आवाज तंबोऱ्यासारखा तसाच लागलेला आणि त्याच्या खाली गाडीगणिक एक पायरी. ओझं वाढलं की फेरे कमी होतात, फेरे कमी झाले की सूर खाली येतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण बारा गाड्यांची रांग अशी कानानं दिसेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आबांची बोटं मांडीवर एकेक करत मिटत होती. मोटारगाडी तुळशीपाशी पोचली, सूर शेवटचा उतरला आणि तिथेच स्थिर झाला.

"बारावी बी लागनी," ते म्हणाले. "बंद करू नको रे. चालू दे."

काकूंनी हात जोडले होते. देवाला की त्या मोटरला, मी विचारलं नाही.

गाड्यांनी अंगणाचा फेरा पुरा केल्यावर आबा भिंतीला धरून उठले.

"वच्छला, मना फेटा काढ. आते निंघनूत तं पुढे जागा भेटी. चाकं जवळथीन आयकू येवाले पाह्यजेत."