एकेचाळीस नंबरच्या चिंचा

वैदेहीच्या संगणकावर लाल ठिपके पसरलेले पाहून हरिहररावांनी लेकीकडे आल्याच्या पहिल्याच दिवशी विचारलं, "गोवर आलाय का तुझ्या बेटाला?"

"गोवर नाही बाबा. वेडी बाभूळ आहे," वैदेही म्हणाली. हे सांगताना तिने मुद्दाम वडिलांकडे पाहिलं आणि हरिहररावांनी मुद्दाम खिडकीबाहेर.

त्याला कारण होतं. हरिहररावांची सगळी नोकरी सामाजिक वनीकरणात गेली. दुष्काळी माळ हिरवे करा असा वरून हुकूम आला, तेव्हा माण तालुक्यात वेड्या बाभळीच्या बियांची पोती घेऊन हा माणूस स्वतः उन्हातान्हात हिंडला. माळ हिरवे झाले खरे, पण असे की पुन्हा कुणाला त्यात पाय टाकता येईना. शेरडांनी शेंगा खाल्ल्या आणि लेंड्यांतून बी गावोगाव नेलं. कुरणं गेली, ओढे बुजले, आणि काटा चपलेतून थेट टाचेत. लोक त्या झाडाला 'हरिहर बाभूळ' म्हणू लागले. शाळेत पोरी वैदेहीला 'काटे' म्हणून हाक मारायच्या. ती शिकली, एनस्खेडेच्या डच विद्यापीठात आली आणि उपग्रहाच्या चित्रांवरून उपऱ्या झाडांचे नकाशे करू लागली. हा योगायोग होता असं ती म्हणायची. म्हणो बापडी.

आताचं काम मोठं होतं. कॅरिबियन समुद्रातलं एक कोरडं बेट, डच राज्यातलं, एनस्खेडेपासून आठ हजार किलोमीटर दूर. तिथे वेड्या बाभळीने निम्मी जमीन गिळली होती. वैदेहीचा नकाशा एका ठेकेदार कंपनीकडे जायचा होता. नकाशात लाल दिसेल ते सगळं एक जूनपासून तोडायचं आणि बुंध्याला विष लावायचं. आणि तिचं पुढच्या तीन वर्षांचं कंत्राट, म्हणजे इथला मुक्कामच, हे काम वेळेत हातावेगळं होण्यावर अडकलेलं होतं.

एक सांगायला हवं. वैदेहीने त्या बेटावर पाऊलही ठेवलेलं नव्हतं. एक विद्यार्थी दोन आठवडे गाडीतून रस्त्यारस्त्याने हिंडला आणि खिडकीतून दिसतील तेवढ्या झाडांच्या नोंदी घेऊन आला. काट्यात कोण शिरतो! त्या नोंदींवर तिने संगणकाला शिकवलं: कडक उन्हाळ्यात बाकीची झाडं पानं टाकतात, तेव्हाही जे बारीक पानांचं झाड हिरवं राहील, ती बाभूळ. संगणक शहाण्या बाळासारखा शिकला. चौऱ्याण्णव टक्के अचूक, असं त्याने स्वतःच सांगितलं.

मे महिन्यात बाहेर एवढं लख्ख ऊन पडलेलं असताना हरिहरराव घरात बसायचे. सायकल त्यांना जमेना, डच कळेना. मग लेकीच्या खुर्चीमागे उभं राहून ते नकाशा पाहायचे. एके सकाळी त्यांनी चष्मा पुसला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. "हा एकेचाळीस नंबर मोठा कर बघू."

तिने केला. ड्रोनवरून घेतलेलं चित्र होतं. खडकाळ जमीन, एक जुनी विहीर आणि तिच्या भोवती सात लाल ठिपके.

"ही बाभूळ नाही," हरिहरराव म्हणाले.

"बाबा, मॉडेल..."

"मॉडेल राहू दे. सावली बघ. बाभूळ बुडापासून फुटते, तिची सावली फाटकी पडते. इथे प्रत्येकाखाली गोल गच्च सावली आहे, म्हणजे एकच जाड खोड. आणि या पायवाटा बघ. चहूकडून येऊन झाडाखालीच संपतात. काट्याकडे कोण वाट पाडतं गं? इथे माणसं बसतात, शेरडं बसतात." त्यांनी बोट विहिरीभोवती फिरवलं. "चिंचा आहेत या. ऐंशी-शंभर वर्षांच्या. चिंचेचं पानही बारीक असतं आणि उन्हाळ्यात ती पुरती उघडी पडत नाही. तुझा संगणक फसला."

खरं तर त्यांना मिठी मारायला हवी होती. पण वैदेहीला ते लागलं. पीएचडी तिने केली, आठ वर्षं या देशात तिने काढली आणि चूक कुणी दाखवावी, तर ज्यांच्या बियांनी आख्खा तालुका नासला त्यांनी. "झाडांबद्दल तुम्ही मला शिकवू नका, बाबा," ती म्हणाली. "माणमध्ये जाऊन विचारा, लोक सांगतील तुम्हाला झाडांतलं किती कळतं ते."

हरिहररावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "ते बरोबरच आहे," ते म्हणाले आणि चहा टाकायला गेले. त्यानंतर ते तिच्या खुर्चीमागे उभे राहिले नाहीत.

चार दिवसांनी बेटावरून ईमेल आली. एल्विन नावाचा वनरक्षक होता, साठीचा; नकाशाची प्रत त्याच्याकडेही गेली होती. त्याने साध्या इंग्रजीत विचारलं होतं: एकेचाळीस नंबरच्या चौकोनात आमच्या विहिरीजवळची झाडं आली आहेत, ती बरोबर आहेत का? ठेकेदाराचे लोक बाहेरचे आहेत, ते नकाशा मानतात, मला मानत नाहीत. आपण एकदा पाहाल का?

वैदेहीने पाहिलं. आता रागाला जागाच नव्हती. सावल्या गोल होत्या, पायवाटा झाडाखाली संपत होत्या. एकच चौकोन चुकला असता तर हाताने पुसता आला असता, पण एक चुकला म्हणजे तसे आणखी किती, हा प्रश्न येणार. म्हणजे सगळा नकाशा पुन्हा करायचा. तीन आठवडे तरी हवेत आणि एक जूनला दहा दिवस.

ती तिच्या प्राध्यापिकेकडे, मारायकेकडे गेली. "काही ठिकाणी गोंधळ असू शकतो," एवढंच म्हणाली. मारायकेने कॉफीचा कप खाली ठेवला. "चौऱ्याण्णव टक्के म्हणजे सहा टक्के गोंधळ असणारच. अहवालातल्या 'मर्यादा' या प्रकरणात एक वाक्य घाल. जागेवर तपासणी करणं ठेकेदाराचं काम आहे." सात चिंचा, असं वैदेही म्हणालीच नाही. म्हणाली असती तर मारायकेने काय केलं असतं, हे कुणाला ठाऊक? तिने ते कळूच दिलं नाही.

मग तिने एल्विनला उत्तर लिहिलं. नकाशाची एकूण अचूकता चौऱ्याण्णव टक्के असून पद्धत मान्यताप्राप्त आहे. सोबत एक तक्ता जोडला, जो एल्विनला कळणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. संगणक चुकला होता. ही मात्र चक्क लबाडी होती आणि ती शिकल्यासवरल्या माणसाने केली होती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोटो आला. सात बुंधे, वर निळं विष फासलेलं. आजूबाजूला चिंचांचा सडा आणि उन्हात उभी असलेली शेरडं, कुठे बसावं हे न कळलेली. खाली एल्विनची एकच ओळ: आता तुमचा नकाशा बरोबर झाला आहे.

त्याच दुपारी कंत्राट तीन वर्षं वाढल्याचं पत्रही आलं. पुढचं काम शेजारच्या बेटाचं, याच पद्धतीने.

वैदेही घरी आली ती रडतच. हरिहररावांना तिने सगळं सांगितलं. ईमेल आली होती, आपण पाहिलं होतं, कळलं होतं आणि तरी तक्ता पाठवला. ते वरणाला फोडणी देत होते. गॅस बंद करून ते स्टुलावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "सातही?" एवढंच त्यांनी विचारलं.

"सातही."

"बुंध्याला विष लावलं म्हणजे पुन्हा फुटायच्या नाहीत." त्यांनी एल्विनचा पत्ता मागितला. मोबाइलवरून भाषांतर करून ते त्याला लिहू लागले. चिंचोके कोमट पाण्यात रात्रभर भिजव, पिशवीत लाव, दोन वर्षं शेरडांपासून जप. एल्विन रोज उत्तर द्यायचा. सावली किती वर्षांनी पडेल, त्याने विचारलं. पंचवीस-तीस, हरिहररावांनी कळवलं. एल्विन एकसष्ट वर्षांचा होता.

आठवडाभर वैदेही हे नुसतं बघत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, माझ्या वतीने त्याची माफी मागा ना."

"माफीला मुखत्यारपत्र चालत नाही," हरिहरराव म्हणाले. "तुझं तू लिही. आणि कळल्यावरही गप्प बसलीस, ते आधी लिही. पुढच्या बेटाला तेवढंच कामाला येईल."

ती लिहायला बसली. पहिल्यांदा खरंच सगळं लिहिलं, मारायकेलाही प्रत लावली. मग मारायकेचं नाव काढलं. मग 'मला आधीच कळलं होतं' हे वाक्य वाचताना वाटलं, हे पत्र कुणी पुढे पाठवलं तर? कंत्राट, इथे राहायचा परवाना, घर. ते वाक्यही गेलं. उरलं ते पाठवून टाकलं.

"लिहिलंस?" हरिहररावांनी विचारलं.

"लिहिलं."

"ते वाक्य?"

"हो."

त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कितीतरी वर्षांनी फिरवला असेल. तिने मान खाली घातली. त्यांना वाटलं, पश्चात्तापाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोबाइल घेऊन तिच्यासमोर बसले. "एल्विनने तुझं पत्र मला पाठवलंय. म्हणतो, यातलं मला काही कळत नाही, तुम्ही वडील आहात, तुम्हीच अर्थ सांगा." मोबाइलने केलेलं मराठी त्यांनी मोठ्याने वाचलं. "'काही ठिकाणी वर्गीकरणात अनवधानाने तफावत आढळून आली असून झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'"

"माझं इंग्रजी कच्चं आहे," हरिहरराव म्हणाले. "पण ही भाषा मला येते. माणमधून तक्रारी यायच्या ना, त्यांना छत्तीस वर्षं हीच उत्तरं मी माझ्या सहीने धाडली." त्यांनी मोबाइल तिच्यापुढे सरकवला. "एल्विनला काय अर्थ सांगू, ते तूच सांग."