मागचा किती मागे

…डावी बाहेरच्या कडेने झिजलेली, आणि पुढे, अंगठ्याखाली, नखाएवढा चट्टा; तिथलं रबर नीट झिजलेलं नव्हतं, खरवडल्यासारखं झालं होतं. उजवी मात्र शहाण्यासारखी सगळीकडून सारखी. धम्मशीलाने चपलांचा जोड उलटा करून उंबऱ्यावर ठेवला होता आणि हातातला चहा निवत चालला होता. टायरच्या तळाच्या चपला, परभणीच्या बाजारातल्या, बाबा वर्षानुवर्षं ह्याच घालतात. उजव्या टाचेखाली कुठल्याशा ट्रकच्या टायरची नक्षी अजून पुसट दिसत होती. किती रस्ते फिरून हे रबर शेवटी पोखर्णीतल्या एका माणसाच्या पायाखाली आलं असेल – पण असला विचार करायचा तिला पगार मिळत नव्हता. पगार मिळत होता तो झीज वाचायचा. आणि ह्या धंद्यातल्या माणसाची अडचण अशी की सुट्टीवर येताना लॅपटॉप मागे ठेवता येतो, डोळे ठेवता येत नाहीत. हा पाय पूर्ण उचलला जात नाही, तिने मनाशी नोंदवलं, एखाद्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाबद्दल नोंदवावं त्याच कोरडेपणाने.

“काय बघायलीस गं चपलात? इच्चू हाय का?” चांगुणाबाईंनी आतून विचारलं.

“काही नाही, माय.”

काही नाही हे खोटं होतं, पण आईला काय सांगायचं? आणि तिच्या डोक्यात तेव्हा चप्पल अर्धीच होती. उरलेल्या अर्ध्यात संध्याकाळचा पाचचा फोन होता. दक्षिणेत, चेन्नईकडे, ती जिथे नोकरी करते त्या टीमच्या दोन निळ्या गाड्या शर्यतीत पळतात, आणि त्या गाड्यांच्या टायरांचं सगळं बघणं तिच्याकडे. ह्या मोसमात तीन शर्यती झाल्या आणि तिन्हींत एकच गोष्ट घडली: त्यांतल्या एका गाडीचा ड्रायव्हर, राम, पुढून सुटतो, पहिल्या पाच-सहा फेऱ्या असा पळतो की मालक खुर्चीतून उठून उभे राहतात, मग त्याच्या गाडीचा वेग उतरत जातो, एकेक गाडी त्याला मागे टाकत जाते, आणि मालक परत खुर्चीत बसतात. काल त्यांनी विचारलं होतं, उद्या पाचला फोन करतो, मला भाषण नको, एक शब्द सांगा – गाडी, की चालवणारा? उत्तर ‘चालवणारा’ आलं तर पुढच्या शर्यतीपासून रामच्या जागी दुसरा बसणार होता; तो दुसरा हेल्मेट घेऊन तयारच होता. राम तेवीस वर्षांचा, ह्या एका सीटसाठी कॉलेज सोडून आलेला. सीट गेली की त्याच्यापाशी काय उरतं, हे टीममधल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच ते बोलत नव्हतं.

तिचं ठरलं होतं. चालवणारा.

ठरायला कारण होतं, आकडे होते. टायर तेच, गाडी तीच, ट्रॅक तोच; टीममधला दुसरा ड्रायव्हर, भागवत, सगळ्यांत शेवटून सुटतो, मुकाट्याने पळतो, आणि शर्यत संपते तेव्हा त्याचे टायर अजून जिवंत असतात. रामचे मेलेले असतात. हात लावला तर वरून वाळल्या खपलीसारखं रबर निघतं. मग दोष कुणाचा? रबराला एक ठरावीक ऊब लागते. ती मिळाली नाही तर ते कडक राहून रस्ता धरत नाही, जास्त झाली तर वरची कातडी सुटून घसरतं; घसरलं की आणखी तापतं, तापलं की आणखी घसरतं, आणि एकदा त्या फेऱ्यात सापडलं की पुन्हा थंड करून काही उपयोग नाही – गेलेलं परत येत नाही. म्हणून सुरुवातीला हात आखडून चालवायचं. एवढी साधी गोष्ट. भागवतला कळते, रामला कळत नाही. रामला कळत नाही याचा मला राग येतो का? नाही. वाईट वाटतं का? वाटायला पाहिजे, पण आकड्यांशी बोलून बोलून माणसाच्या वाईट वाटण्यालाही एक जाड तळ येत असावा…

चहा झाल्यावर सकाळीच बाबांनी हरभरा दाखवायला नेलं. आश्रुबा पुढे, ती मागे. पायवाट काळ्या मातीची, वाळून टणक झालेली, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांचा ऊस तोडून नेलेला आणि पाचट पसरलेलं. बाबा मागे न वळता बोलत होते: घाटे बरे लागलेत, सटवाजीची मोटार पुन्हा जळली, ह्या वर्षी थंडी अशी पडली न्हाई… ती हं हं करत होती आणि डाव्या पायाकडे बघत होती. नीट दिसावं म्हणून ती अगदी जवळून, एका पावलाच्या अंतराने चालत होती. पहिला टप्पा पाय छान पडत होता. बाबांचा वेग तर तिला आश्चर्य वाटावं असा होता. सत्तरीला टेकलेला माणूस, पण तिला मध्येमध्ये पळावं लागत होतं. विहिरीपाशी वेग आणखी वाढला. आणि कॅनॉल ओलांडल्यावर तो आवाज सुरू झाला – शर्र… पाऊल… शर्र… पाऊल… चपलेचं टोक मातीला घासत होतं. ती अजून जवळ गेली. बाबा अजून भरभर चालू लागले, आणि आवाज वाढला.

पुढून सुटणं, भरभर जाणं, मग उतरणं. तिला ते इतकं ओळखीचं वाटलं की हसू आलं. बाबा लपवतायत, तिने ठरवलं. लेक आली आहे, लेकीला दाखवायचं आहे की बाप अजून ताठ आहे. इथेही चालवणाराच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ घराण्यातच असावा. तिने आतापर्यंत कुठे कुणाला सांगितलं होतं, की ती रोज रात्री थकून रडवेली होते? हरभऱ्याच्या कडेला बाबा मटकन बसले आणि ढाळा उपटून तिच्या हातात दिला. त्यांच्या कपाळावर घाम होता. थंडीच्या दिवसात. तिने ते बघितलं आणि घाटे सोलायला लागली. दोष सापडला की तो लगेच तोंडावर सांगायचा नसतो, असं ती कामातच शिकली होती.

…अक्का, मागचं नको सांगू.

हे कुठून आलं? दुसऱ्या शर्यतीनंतर, गॅरेजमध्ये, राम हातमोजे काढत म्हणाला होता, त्याच्या मोडक्या हिंदीत. शर्यत चालू असते तेव्हा हेल्मेटमधल्या रेडिओवरून त्याच्या कानात जो आवाज असतो तो तिचा असतो. प्रत्येक फेरीला ती सांगते, मागचा किती मागे आहे – दीड सेकंद, सव्वा सेकंद, एक. तसं सांगायचंच असतं, ती पद्धत आहे. माहिती नको म्हणणारा ड्रायव्हर तिला तोपर्यंत भेटला नव्हता, आणि तेही तिने त्याच्या कच्चेपणातच जमा केलं होतं. त्या वेळी ती काय म्हणाली होती? हो हो म्हणाली असेल.

दुपारी आई भाकऱ्या थापत होती आणि बाबा पलीकडच्या खोलीत, भीमराव आणि बुद्धाच्या तसबिरीखाली, पाय उशीवर ठेवून झोपले होते.

“तू आलीस की ह्येंच्या पायाला चाकं फुटतेत,” चांगुणाबाई म्हणाल्या. “एरवी बांधापस्तोर जायचं म्हणलं तर तीनदा बसतेत. आज बघ, गेले आन आले. आता रातभर मला पाय चोळायला लावतेत.”

“माय, त्यांचा डावा पाय ओढतो.”

“ओढतो की.”

“डॉक्टरला दाखवलं?”

“दाखवलं ना परभणीला. नस दबलीय म्हनला कमरंत. सावकाश चालत जा म्हनला, बाकी काय न्हाई.”

“मग मला का नाही सांगितलं कुणी?”

आईने तव्यावरची भाकरी उलटली. आच जास्त झाली होती, वरचा पापुद्रा करपून सुटला होता आणि आत कच्चं होतं. “सांगितलं की फोनवर. दिवाळीच्या आधी. तू हो हो म्हनलीस.”

तिला आठवेना. आठवेना म्हणून आईचं खोटं ठरत नव्हतं. त्या आठवड्यात पहिली शर्यत होती, कानाला फोन आणि समोर पडद्यावर रामच्या मागच्या चाकांचं तापमान, एवढं आठवलं. म्हणजे बाबा लपवत नव्हते. जे लपवलेलंच नव्हतं ते तिने चपलेतून हुडकून काढलं होतं, आणि सकाळभर स्वतःवर खूश होती. तिला लाज वाटली. भाकरीचा करपलेला तुकडा तिने तसाच खाल्ला.

पण मग लपवायचं नसेल तर इतकं पळायचं कशाला?

संध्याकाळी फोनसाठी डांबरी रस्त्यापर्यंत जायला हवं होतं. घरात आवाज तुटतो. “चल, मीबी येतो,” बाबा म्हणाले, आणि नको म्हणायच्या आत त्याच चपला घालून पुढे झाले. ती मागून निघाली. घड्याळ बघितलं, वेळ होता, पण फार नाही. मनात शब्दाची तयारी चालू होती, चालवणारा, आणि त्याच्यामागे दोन वाक्यं मऊपणाची – गुणी मुलगा आहे, पुढे शिकेल, वगैरे – म्हणजे त्याला पाडतानाही आपण खाली गादी टाकली होती असं वाटावं. शर्र. सकाळी कॅनॉल ओलांडल्यावर आलेला आवाज आत्ता मारुतीच्या पारापाशीच आला. शर्र… पाऊल… ती पुढे सरकली, अगदी टाचेपाशी. बाबांनी वेग वाढवला. खांदा डावीकडे झुकायला लागला, एकदा तर ते अडखळले, पण थांबले नाहीत.

“बाबा, जरा हळू चला ना,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा रडका निघाला.

आश्रुबा थांबले. वळले. धाप लागलेली होती, आणि चेहऱ्यावर ताठा वगैरे काहीही नव्हता. होता तो सरळ सुटकेचा भाव.

“मग तूच हळू चाल की गं बाई. मी कवापासून म्हनायलो दम खावा म्हणून. सकाळीबी तसंच. तू मागून टाचंवर टाच द्यायलीस, मला वाटलं तुलाच घाई हाय.” ते गुडघ्यावर हात ठेवून हसले. “मागून कुनी यायलंय म्हनलं की मानूस पळतंयच.”

उसाने भरलेली एक ट्रॉली गंगाखेडच्या दिशेने गेली, सावकाश, चाकं बसल्यासारखी, आणि तिच्यामागे धूळ बराच वेळ तरंगत राहिली. धम्मशीला तिथेच उभी होती. भागवत सगळ्यांत शेवटून सुटतो. तेच टायर, तीच गाडी, तोच ट्रॅक, आणि त्याच्या मागे – कुणीच नसतं. म्हणून त्याच्या कानात मी काही सांगत नाही. सांगायला काही नसतंच. तीन शर्यती मी दोन ड्रायव्हर शेजारी ठेवून मोजते आहे, आणि एकाच्या टाचेवर सबंध वेळ माझा आवाज आहे हे मोजलेलंच नाही… दीड, सव्वा, एक… अक्का, मागचं नको सांगू. राम तर एका वाक्यात सांगून मोकळा झाला होता.

छे. एका माणसाच्या एका पायावरून असलं काही सिद्ध होत नाही. दुसऱ्या कुणी असा पुरावा पुढे केला असता तर तिने हसून बाजूला सारला असता. कदाचित राम कच्चाच असेल. कदाचित मी गप्प बसले तरी तो तसाच पळेल आणि तसाच उतरेल. पण मालकांना एक शब्द हवा होता, गाडी किंवा चालवणारा, आणि तिच्यापाशी आता जे काही होतं ते ह्या दोन्हींतलं नव्हतं. त्याला शब्दच नव्हता. सकाळपासून तोंडात घोळवलेला ‘चालवणारा’ तिने पुन्हा म्हणून बघितला, तर तो एखाद्या परक्या माणसाने म्हटल्यासारखा वाटला.

“चल की,” बाबा म्हणाले. “उशीर हुईल तुला.”

“होऊ द्या.”

ती त्यांच्या मागून निघून डाव्या बाजूला आली. शेजारी. इथून चपलेचा तळ दिसत नव्हता, पायही धड दिसत नव्हता, फक्त बाबांचा खांदा आणि त्यांच्या कानामागचे पांढरे केस. मोजायला काहीच नव्हतं. ते दोघं चालू लागले, इतकं हळू की तिला आपले पाय कुठे ठेवावेत ते सुचेना, आणि दहा-बारा पावलं झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की तो घासल्याचा आवाज येत नाहीये, किंवा येत असला तर तिला ऐकू येत नाहीये.

मुठीतला फोन थरथरू लागला. बाबांनी बघितलं, तिने बघितलं. उचलला की पहिला शब्द आपल्याच आवाजात कुणाच्या तरी कानात जाणार, आणि तिला आज पहिल्यांदा त्या आवाजाची भीती वाटली.