बेकायदा खिडकी

गोपाळकृष्ण आगाशे यांना काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीतल्या सगळ्या घरांनी जुन्या खिडक्या काढून एकाच ठेकेदाराकडून गडद तपकिरी काचेच्या नव्या घेतल्या, तर चेअरमन आगाशेंची बाल्कनी फुकटात बंदिस्त होणार होती. ‘वीज वाचवा’ हे पत्रकावर मोठ्या अक्षरात होतं. बाल्कनीचं छापायचं राहून गेलं.

सगळ्यांनी सह्या केल्या. उरल्या एकट्या चंद्रभागा ओव्हाळ. तहसील कचेरीतून निवृत्त. कागद वाचल्याशिवाय सही न करायची खोड तिथलीच. त्यांचा हॉल पश्चिमेला. मे महिन्यात दुपारनंतर तिथे बसवत नसे, आणि निवृत्तीनंतर त्यांना नेमकं तिथेच वाचत बसायचं होतं. हॉलच्या दोन खिडक्यांपैकी एकीला त्यांनी स्वतःच्या खर्चानं दुहेरी काच बसवली: मध्ये बंद फट, वर उष्णता परतवणारा लेप. दुसरीला ठेकेदाराला त्याचा तपकिरी नमुना लावू दिला.

आगाशे जिन्यातच भेटले. “ओव्हाळबाई, बिल्डिंग बाहेरून एकसारखी दिसायला हवी. ती खिडकी काढा, नाहीतर दंड पडेल.”

“लावा की. पावतीवर नियमाचा नंबर घाला.”

“नंबर सभेत ठरेल!”

“मग सभा माझ्या हॉलमध्ये घ्या. रविवारी, चार वाजता. चहा माझा.”

चहा दुसऱ्याचा म्हटल्यावर कमिटी कशाला नाही म्हणतेय?

रविवारी बाईंनी चेअरमनना मानानं तपकिरी काचेला पाठ करून बसवलं. विषयपत्रिका वाचून होईतो शर्ट पाठीला चिकटला.

“गडद काचेनं ऊन अडतं,” आगाशे घाम पुसत म्हणाले.

“अडतं ना. काचेत अडतं, मग तुमच्या पाठीला लागतं.”

आगाशेंनी खुर्ची हळूच दुसऱ्या खिडकीकडे सरकवली.

“अहो आगाशे, तिकडे कुठे? ती खिडकी बेकायदा आहे.”

हशा पिकला. हसल्या नाहीत त्या फक्त आगाशेंच्या पत्नी, वासंतीताई. त्या उठल्या, तपकिरी काचेवर हात ठेवला आणि झटकन काढला. मग दुहेरी काचेवर ठेवला, तो तिथेच राहू दिला.

“आपलं स्वयंपाकघरही ह्याच बाजूला आहे,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “सही करताना मला विचारलंत?”

“वासंती, घरी बोलू.”

“घरी तुम्ही एसीत असता. इथेच बोलू. आधी सही खोडा.”

चेअरमनची सही खोडली गेल्यावर बाकीच्यांनाही आपापल्या सह्या आठवल्या.

आता हिशेब. ओव्हाळबाईंच्या दोन्ही खिडक्या आता दुहेरी, पैसे त्यांचे. सभेचा चहाही त्यांचाच. दंडाची पावती अजून फाटलेली नाही. ठेकेदार नमुना काढून घेऊन गेला. आगाशेंच्या उघड्या बाल्कनीत कबुतरं येतात. आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या दुहेरी काचेचं बिल?

ते चेअरमननी भरलं. पूर्ण, घासाघीस न करता.