मानेकडची पुडी

"घाला हात. घाबरू नका, रबराची आहे, चावणार नाही," व्हर्ना म्हणाली.

समोरची बाई हसली, पण हात काही पुढे करेना. मग व्हर्नानं स्वतःच कोपरापर्यंत हात त्या रबरी टर्कीच्या पोटात घातला, कापडी पिशवी आत सरकवली, तिचं तोंड बाहेर दुमडून घेतलं आणि लांब दांड्याच्या चमच्यानं पावाचे तुकडे आत लोटले.

"झालं भरून? आता नाडी ओढा, गाठ मारा आणि ओव्हनमध्ये ढकला. टर्की भाजून झाली की गाठ धरायची आणि..." तिनं पिशवी ओढली. सगळं सारण एका दमात बाहेर आलं. "नाहीतर बसा खरवडत. तोवर पाहुणे ताटावर ताटकळत."

बाईनं दोन पिशव्या घेतल्या आणि माझ्या काउंटरवर आली. व्हर्नानं तिच्या पाठीमागून मला डोळा मारला.

आमच्या दुकानात टर्कीत सारण भरायची नाना अवजारं मिळतात. पिचकारीसारखी नळी आहे, तारेचा पिंजरा आहे, वाकड्या मानेचा चमचा आहे. व्हर्नाच्या मते ही सगळी कधी टर्की न भरलेल्या पुरुषांनी शोधून काढलेली खेळणी. खरं काम करते ती एकटी पिशवी. गेली अकरा वर्षं दर नोव्हेंबरात ती दाराजवळच्या टेबलाशी उभी राहून हेच सांगते. आमच्या गावात निम्म्या बायकांना टर्की भरायला तिनं शिकवलंय, असं म्हटलं तरी चालेल.

गंमत अशी, की तिनं स्वतः खरी टर्की केली नव्हती त्याला सहा वर्षं झाली होती. तिचा नवरा ऑरिन गेला आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण मुलीच्या घरी गेलं. जोलीन दुकानातून तयार टर्की आणायची आणि आईला मऊ खुर्चीत बसवून ठेवायची. त्या खुर्चीबद्दल व्हर्ना जे बोलायची ते मी इथं लिहीत नाही.

यंदा मात्र जोलीनचा फोन आला. "आई, टर्की तू कर."

व्हर्ना जेवणाच्या सुट्टीत मला सांगायला आली तेव्हा मी म्हटलं, "मग पार्टी दे की!"

"परीक्षा आहे गं ही, ग्लेनिस." ती डबा न उघडताच बसली. "गेल्या महिन्यात माझी किटली जळाली ना, नेमकी जोलीन आली होती. तेव्हापासून तिचं सुरू आहे. वृद्धाश्रम बघून आलीये, चांगला आहे म्हणे, बागबिग आहे. टर्की नीट झाली तर मी माझ्या घरात राहीन. नाही झाली तर बागेत."

त्या रात्री तिनं उशीच्या जुन्या अभ्र्याची नवी पिशवी शिवली. दुकानातली पिशवी म्हणे शिवणीत कच्ची असते. अकरा वर्षं तीच विकत होती, हे मी तिला बोलून दाखवलं नाही.

सणाच्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मीच तिला गाडीतून घेऊन गेले. बर्फात ती गाडी चालवत नाही, आणि माझी तरी घरी कोण वाट बघणारं होतं? माझं मांजर सण पाळत नाही.

जोलीनच्या स्वयंपाकघरात सोळा पौंडी टर्की तयार होती. चार दिवस फ्रिजमध्ये ठेवून बर्फ उतरवलेली. चार माणसांना सोळा पौंड, म्हणजे पुढे आठवडाभर सँडविचं. व्हर्नानं बाह्या सरसावल्या, टर्कीच्या पोटात घालून दिलेलं मानेचं हाड काढून बाजूला ठेवलं, कांदा आणि सेलरी लोण्यात परतली. जोलीन फडकं हातात घेऊन नुसती उभी होती. ओटा पुसायचं सोडून ती आईचे हात बघत होती.

"आई, आतपर्यंत शिजेल ना? हल्ली सगळे सारण वेगळं भाजतात."

"हल्ली सगळे टर्कीच विकत आणतात," व्हर्ना म्हणाली. "तू थर्मामीटर घेऊन बस. सारणाच्या मधोमध खुपस आणि मला आकडा सांग."

आकडा बरोबर आला. जोलीननं तो दोनदा बघितला.

टेबलाशी बसल्यावर, रिवाजाप्रमाणे, ज्यानंत्यानं कशाबद्दल आभार मानायचे ते सांगितलं. जावई डगनं नोकरी टिकल्याचं सांगितलं, जोलीननं घर. मी मांजराचं नाव घेतलं. व्हर्ना म्हणाली, "अजून मला कुणी काम सांगतं, त्याबद्दल."

मग ती उठली, गाठ धरली आणि पिशवी ओढली. गरम वाफेबरोबर सेजच्या पानांचा वास सगळ्या खोलीत पसरला. डगनं टाळ्याच वाजवल्या. जोलीनही हसली, अगदी मनापासून. पास झालो, असं मला वाटलं. मी काही परीक्षेला बसले नव्हते, तरी वाटलं.

डगनं सुरी घेतली आणि मानेकडची कातडी उचलली. आत सुरी कशाला तरी अडली.

"हे काय?"

त्यानं काट्यानं ओढून बाहेर काढली ती कागदाची पुडी होती. लोण्यानं चिंब, भाजून तपकिरी झालेली. आत कलेजी-पेटा. कत्तलखान्यात घालतात ती पुडी टर्की ओव्हनमध्ये जाण्याआधी काढायची असते, हे आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगेल.

डग खदखदून हसला. "व्हर्ना, गावाला तुम्ही शिकवता! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!"

"कागदच आहे, त्यानं काही बिघडत नाही," मी म्हटलं. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. जोलीन हसत नव्हती.

"ती पुडी ऑरिन काढायचा," व्हर्ना म्हणाली. "एक्केचाळीस वर्षं. मी उठायच्या आत तो पुडी काढायचा आणि तिचा रस्सा चढवायचा. माझ्या हातात टर्की यायची तेव्हा मानेकडे काही नसायचंच. आणि दुकानातली तर रबराची." मग ती लेकीकडे वळली. "मला माहीत नाही असं नाही गं, जोलीन. माझा हातच तिकडे जात नाही."

"कळतंय मला, आई. असू दे हं," जोलीन म्हणाली, आणि तिनं आईच्या पाठीवरून हात फिरवला.

टर्की चांगली झाली होती. सारण तर सगळ्यांनी दोनदा घेतलं. पण त्यानंतर व्हर्नाला कुणी ताटसुद्धा उचलू दिलं नाही. तिला मऊ खुर्चीत नेऊन बसवलं आणि गुडघ्यांवर शाल घातली. निघताना जोलीननं तिच्या कोटाच्या खिशात वृद्धाश्रमाचं चकचकीत माहितीपत्रक सारलं. "नुसतं वाच. नाताळात बोलू."

परतीच्या वाटेवर बराच वेळ दोन्हीकडे नुसतं बर्फ होतं. मला तिच्यासाठी फार वाईट वाटत होतं.

"जोलीन माझ्याशी कडाकडा भांडायची," व्हर्ना एकदम म्हणाली. "एवढी मऊ कधी बोलत नव्हती ती."

सोमवारी मी दुकानात आले तर व्हर्ना माझ्या आधी येऊन मागच्या खोलीत बसली होती. समोर ते माहितीपत्रक उलगडलेलं. त्यावर एक हसरं म्हातारं जोडपं पत्ते खेळत होतं.

"वाचलंस?" मी विचारलं.

"वाचलं. कागद चांगला जाड आहे." तिनं त्यात बाटलीची दोन बुचं ठेवली, घट्ट पुडी वळली, दोरा गुंडाळला. मग ती पुडी रबरी टर्कीच्या मानेत खोल कोंबली. "नाताळची टर्की मी माझ्या घरी करणार आहे. जोलीनला सांगितलं, तुम्ही दोघं जेवायला या."

"काय म्हणाली?"

"बघू म्हणाली."

दुपारी एक म्हातारे गृहस्थ टेबलाशी थांबले. विणलेली टोपी, कोटाचं एक बटण तुटलेलं. पिशवी उलटीपालटी करून बघत राहिले.

"घाला हात," व्हर्ना म्हणाली. त्यांनी हात पोटाकडे नेला. "तिथं नाही. आधी इथं, मानेकडे."

त्यांनी चाचपडत पुडी बाहेर काढली आणि तळहातावर धरून बघत राहिले. "हे आमच्या हिच्याकडे असायचं," ते म्हणाले. "मला कधी करावंच लागलं नाही."

"हो ना," व्हर्ना म्हणाली.

तिनं त्यांच्या हातातून पुडी घेतली, पुन्हा मानेत कोंबली, आणि टर्की त्यांच्याकडे फिरवली.

"काढा परत," ती म्हणाली. "हाताला सवय होऊ दे."